लिफाफा, गळ आणि जाळे

१

काही निबंधांचे नशीब चमत्कारिक असते. त्यांतील युक्तिवाद लोक विसरून जातात, लेखकाचे नावही पुष्कळांना आठवत नाही. पण त्यांतला एखादा दृष्टान्त मात्र लोकांच्या तोंडी बसतो आणि पुढे त्या विषयाचा विचारच त्या दृष्टान्तातून होऊ लागतो. फिल झिमरमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाचा 'मी पीजीपी का लिहिले' हा निबंध या जातीचा आहे. १९९१ साली झिमरमन यांनी 'पीजीपी' नावाचा एक प्रोग्रॅम रचला आणि तो विनामूल्य वाटून टाकला. ई-मेलने पाठवायचा मजकूर कूटलिपीत बदलावा, आणि ज्याला तो पाठवला त्याच्याखेरीज कोणालाही तो वाचता येऊ नये, एवढे या प्रोग्रॅमचे काम. त्याच्या माहितीपुस्तिकेत त्यांनी आपली भूमिका मांडणारे एक लहानसे प्रकरण लिहिले, १९९९ साली त्यात भर घातली, आणि आज तेच स्वतंत्र निबंध म्हणून वाचले जाते.

यंत्राच्या माहितीपुस्तिकेतला मजकूर वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत आणावा काय, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते आणावा. एक तर तो पत्राविषयीचा निबंध आहे, आणि पत्र ही मराठी वाचकाच्या विशेष जिव्हाळ्याची गोष्ट. जी. ए. कुलकर्ण्यांची सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रे आपण पुस्तकरूपाने वाचली, तेव्हा दोन माणसांच्या बंद खोलीत आपल्याला उशिरा का होईना प्रवेश मिळाला, असेच अनेकांना वाटले असेल. दुसरे असे की, हा निबंध केवळ मत मांडून थांबत नाही. वाचकाने आपली रोजची एक सवय बदलावी अशी त्याची मागणी आहे. अशा लेखनाची परीक्षा त्याच्या भाषेवरूनच करावी लागते. लेखकाने कोणती उपमा निवडली, ती कुठवर पोचली आणि कुठे थिटी पडली, हे पाहिल्याविना त्याच्या यशापयशाचा उलगडा होत नाही.

२

निबंधाची मांडणी साधी आहे. खासगीपणा ही प्रत्येकाची स्वतःची बाब आहे, तिचे समर्थन दुसऱ्या कोणापुढे करण्याची गरज नाही, या विधानाने लेखक सुरुवात करतो. माणूस निवडणुकीची आखणी करीत असेल, करांविषयी सल्ला घेत असेल, चोरून प्रेम करीत असेल किंवा एखाद्या जुलमी देशातल्या बंडखोराशी बोलत असेल. कारण कोणतेही असो, त्याचे पत्र दुसऱ्याने वाचू नये. मग येतो तो प्रसिद्ध दृष्टान्त. तुम्ही जर खरोखरच निष्पाप असाल आणि लपवण्यासारखे तुमच्यापाशी काही नसेल, तर सगळा पत्रव्यवहार पोस्टकार्डावर का करीत नाही? लिफाफा कशाला वापरता? आणि समजा, सभ्य माणसाने पोस्टकार्डच वापरावे असा सर्वांचा समज झाला, तर एखाद्याने लिफाफा वापरताच त्याच्याकडे संशयाने पाहिले जाणार नाही काय? सुदैवाने सगळेच लिफाफे वापरतात, म्हणून कोणावरच संशय येत नाही. ई-मेलच्या बाबतीतही सर्वांनी कूटलेखन वापरावे, म्हणजे ते वापरणारा एकटा पडणार नाही.

या दृष्टान्ताचे बळ काय आहे ते आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. पोस्टकार्ड ही उघडी वस्तू आहे याची जाणीव ठेवून आपल्या आधीच्या पिढ्यांनी पोस्टकार्डाची एक स्वतंत्र शैलीच घडवली होती. वर क्षेम, खाली नमस्कार, मध्ये पैसे पोचल्याचे आणि पाऊस पडल्याचे. आणि जे खरे सांगायचे ते 'समक्ष भेटीत बोलू'. घरातला आजार, मुलीच्या लग्नाची बोलणी, भावाभावांतला वाटणीचा तंटा यांसाठी पाकीट. निधनाची वार्ता मात्र कार्डावर येई आणि पत्र वाचून फाडून टाकावे अशी सूचना तिच्यात असे. यातले कोणीही कट करीत नव्हते. कोणती गोष्ट कोणत्या कागदावर लिहावी याचे तारतम्य हा सभ्यपणाचाच एक भाग होता. झिमरमन नेमके याच तारतम्याला हात घालतात. ज्याला आपण चोरट्याचे हत्यार समजत होतो ते वस्तुतः साध्या गृहस्थाचे पाकीट आहे, हे त्यांनी पटवून दिले. 'लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?' या प्रश्नाला इतके बिनतोड उत्तर त्यापूर्वी क्वचितच कोणी दिले असेल.

ही उपमा सुचण्यामागे एक निकड होती. १९९१ साली अमेरिकन सिनेटपुढे २६६ क्रमांकाचे विधेयक आले. कायद्याने अधिकार मिळाल्यावर कोणत्याही संभाषणाचा उघड मजकूर सरकारला मिळू शकेल अशी सोय संपर्कसाधने बनवणाऱ्यांनी ठेवावी, अशा आशयाचे एक कलम त्यात होते. ते कलम पुढे बारगळले. पण ते संमत होण्यापूर्वीच आपला प्रोग्रॅम लोकांच्या हाती पडावा म्हणून झिमरमन यांनी घाई केली. त्या काळी अमेरिकेच्या निर्यात-कायद्यात प्रबळ कूटलेखनाची गणना युद्धसामग्रीत होत असे. प्रोग्रॅम परदेशी पोचला आणि १९९३ मध्ये झिमरमन यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली. १९९६ च्या जानेवारीत आरोप न ठेवताच ती संपली. दरम्यान १९९५ साली एमआयटी प्रेसने त्या प्रोग्रॅमची संपूर्ण संहिता पुस्तकरूपाने छापून काढली होती. प्रोग्रॅमची निर्यात हा गुन्हा ठरू शकत होता; छापील पुस्तकाच्या वाटेला जाणे मात्र सरकारला जड होते.

३

आता या दृष्टान्ताची दुसरी बाजू पाहू.

लिफाफा पत्राचे रक्षण करतो म्हणजे काय करतो? कागदाचा एक पातळ थर आणि डिंकाची एक रेघ. वाफ धरली तर तो उघडतो आणि पुन्हा चिकटवताही येतो. रक्षण होते ते त्या कागदाच्या ताकदीने नव्हे. दुसऱ्याचे पाकीट फोडू नये हा संकेत, आणि फोडल्यास शिक्षा होईल हा कायदा, यांच्या आधारावर लिफाफा उभा असतो. म्हणजे लिफाफा ही एक मर्यादा आहे. कूटलेखन ही मर्यादा नव्हे. ते कुलूप आहे. त्याला समोरच्याच्या सभ्यतेची अपेक्षा नसते. झिमरमन वाचकाला बोलावतात मर्यादेच्या नावाने आणि त्याच्या हाती ठेवतात कुलूप. या दोहोंतला फरक निबंधात कुठेच स्पष्ट होत नाही, आणि माझ्या मते हाच त्यातला मूलभूत दोष आहे.

हे कुलूप कसे चालते ते थोडक्यात सांगायला हवे. जुन्या कूटलिपीत लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची किल्ली एकच असे, त्यामुळे ती किल्ली आधी गुपचूप पोचवावी लागे. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी यातून बाहेर पडण्याची कल्पना मांडली, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी तिला व्यवहार्य रूप दिले. ब्रिटिश सरकारच्या गुप्त संस्थेतील क्लिफर्ड कॉक्स यांना तीच रीत १९७३ मध्येच सुचली होती. पण ती १९९७ पर्यंत जगाला कळू दिली गेली नाही. या रीतीत प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात, एक जगजाहीर आणि दुसरी स्वतःजवळची. चौकातली लाल टपालपेटी डोळ्यांपुढे आणावी. तिच्यात पत्र टाकायला कोणालाही मज्जाव नाही. पण आतले पत्र बाहेर काढण्याची किल्ली एकाच माणसापाशी असते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, परंतु गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकणे अतिशय दुष्कर, या गणिती वस्तुस्थितीवर ही पेटी उभी आहे.

लिफाफ्याला यातले काहीच लागत नाही. लिफाफा वापरायला पत्र घेणाऱ्याची तयारी लागत नाही. या पेटीला लागते, कारण ज्याने आपली पेटी बसवलीच नाही त्याला पत्र टाकणार कुठे? शिवाय समोरची पेटी खरोखर त्याच माणसाची आहे, की कोणी लबाडाने त्याच्या नावाने उभी केली आहे, याचीही खात्री करावी लागते. झिमरमन यांनी त्यासाठी ओळखीपाळखीची एक साखळी कल्पिली. मी तुमच्या पेटीची ग्वाही द्यायची, तुम्ही तिसऱ्याच्या. कल्पना सुंदर आहे. पण ती आपल्या जुन्या शिफारसपत्रांच्या व्यवहारासारखी आहे, पाकिटाला डिंक लावण्याइतकी सोपी नाही. थोडक्यात, एका माणसाच्या एका हालचालीत संपणारी गोष्ट उपमेत दिसते, आणि प्रत्यक्षात ती दोन माणसांनी मिळून पाळायचे व्रत आहे.

४

निबंधात आणखी एक दृष्टान्त आहे. तो लिफाफ्याइतका गाजला नाही. माझ्या मते मात्र लेखकाची खरी प्रतिभा तिथे दिसते. पूर्वी सरकारला कोणाचे पत्र वाचायचे असेल तर श्रम करावे लागत. पाकीट गाठा, वाफेवर धरा, वाचा, परत चिकटवा. टेलिफोन ऐकायचा तर माणूस बसवून तो ऐकून उतरवून घ्या. हे काम गळ टाकून एकेक मासा धरण्यासारखे होते. ई-मेलच्या बाबतीत यंत्र हजारो पत्रे आपोआप चाळते, हवे ते शब्द टिपते, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. हा गळ नव्हे, हे समुद्रभर पसरलेले जाळे आहे.

गळ म्हणजे काय याचे आपल्या इतिहासातले उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पानिपतचा संहार झाल्यावर १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे माळव्यात असताना सावकारी टपालाचा एक जासूद त्यांच्या हाती लागला. त्याच्याजवळच्या पत्रात मोती गळाल्याची, मोहरा हरवल्याची आणि खुर्दा अगणित गेल्याची सावकारी भाषा होती. त्यातून पेशव्यांना जे समजायचे ते समजले. दुसऱ्याचे पत्र त्यांनी फोडले खरे. पण एका जासुदाला एका वाटेवर गाठून. त्या रात्री हिंदुस्थानातून जाणारी सगळी पत्रे फोडण्याची शक्ती कोणा पेशव्यापाशी किंवा बादशहापाशी नव्हती. शतकानुशतके सामान्य माणसाचा खासगीपणा टिकला तो कायद्याच्या कृपेने थोडा आणि राज्यकर्त्यांच्या हातांना पडणाऱ्या श्रमांमुळे फार. ते श्रम नाहीसे झाले, की कायद्यातले एक अक्षरही न बदलता माणूस उघडा पडतो. १९९९ साली झिमरमन यांनी ही गोष्ट मासेमारीच्या एका उपमेत सांगितली, आणि २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांनी ती शब्दशः खरी ठरवली.

येथे एक सूक्ष्म विसंगती उभी राहते. जाळ्याची उपमा खरी मानली तर लिफाफ्याची उपमा अपुरी ठरते. कारण लिफाफ्याच्या आत काय आहे हे झाकले, तरी वरचा पत्ता उघडाच असतो. पीजीपीच्या मूळ रचनेत पत्र कोणी लिहिले, कोणाला लिहिले, केव्हा लिहिले आणि विषय काय घातला, हे सारे जसेच्या तसे दिसते. टपालवाल्याला पत्ते दिसले म्हणून पूर्वी काही बिघडत नव्हते. तो किती पत्ते लक्षात ठेवणार? यंत्र मात्र सगळे ठेवते आणि त्यांची जुळणी करते. एखाद्या स्त्रीने एका आठवड्यात एका डॉक्टरला, एका वकिलाला आणि माहेरी अशी तीन बंद पत्रे लिहिली, तर ती फोडून वाचण्याची आवश्यकता कितीशी उरते? जाळे टाकणाऱ्याला पुष्कळदा पाकिटावरचा पत्ताच हवा असतो. दुसरा दृष्टान्त लिहिताना पहिल्याचा फेरविचार करावा असे लेखकाला वाटले नाही. दोन्ही उपमा एकाच निबंधात शेजारी शेजारी नांदतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

५

निबंधाच्या शिरोभागी गांधीजींच्या नावावर असलेले एक वाक्य आहे. तुमच्या हातून घडेल ते क्षुल्लक असेल, तरी ते करणे अगत्याचे आहे, असा त्याचा आशय. अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमच्या माथ्यावर गांधीजींचे नाव पाहून भारतीय वाचकाला क्षणभर बरे वाटते. पण लगेच प्रश्नही पडतो. गांधीजी हे गुप्ततेचे कडवे विरोधक होते. १९४२ च्या आंदोलनात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त रेडिओ चालवला, अच्युत पटवर्धन आणि अरुणा असफ अली भूमिगत राहिले. आणि १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघडपणे बाहेर येण्याचा सल्ला दिला. सत्याग्रहात लपवाछपवीला जागा नाही, ही त्यांची धारणा होती. मग कूटलिपीच्या समर्थनासाठी त्यांचाच दाखला कसा?

या प्रश्नाचे उत्तर गुप्तता आणि खासगीपणा यांच्या भेदात आहे. ज्या कृतीची झळ दुसऱ्यांना लागणार ती त्यांच्यापासून दडवणे ही गुप्तता. ज्या गोष्टीशी दुसऱ्यांचा संबंधच नाही ती त्यांच्यापुढे न मांडणे हा खासगीपणा. निवडणुकीची आखणी, करांचा सल्ला, चोरटे प्रेम आणि बंडखोराशी संवाद, ही चारही उदाहरणे झिमरमन एका ओळीत बसवतात; त्यांची जात एक नाही. बंडखोराला गुप्तता हवी आहे, कारण त्याचे प्राण धोक्यात आहेत. करांचा सल्ला घेणाऱ्याला खासगीपणा पुरे. चोरट्या प्रेमाच्या मागे एखादा तिसरा जीव फसवला जात असेल. हा भेद न करता सर्वांना एकाच पाकिटात घातल्यामुळे निबंधाच्या नैतिक भूमिकेला एक प्रकारचा सैलपणा आला आहे. त्यातच खासगीपणा बेकायदा ठरवल्यास तो केवळ बेकायदा वागणाऱ्यांपाशीच उरेल, अशा अर्थाचे एक चटकदार घोषवाक्य त्यांनी वापरले आहे. त्याचा साचा अमेरिकेतल्या बंदुकीच्या पुरस्कर्त्यांच्या घोषणेचा आहे. जो लेखक कूटलेखनाला युद्धसामग्री म्हणू नका असे सांगतो, त्याने बंदुकवाल्यांची भाषा उसनी घ्यावी, हे मला खटकते.

तथापि लेखकाच्या बाजूनेही एक गोष्ट मांडली पाहिजे. हा भेद आपण वाचक म्हणून करू शकतो. कुलूप तो करू शकत नाही. सज्जनापुढे न उघडणारे आणि दुर्जनापुढे उघडणारे कुलूप जसे बनवता येत नाही, तसेच केवळ सज्जन सरकारपुढेच उघडणारेही बनवता येत नाही. आपल्याकडच्या कायद्याची कथा हेच सांगते. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या २६ व्या कलमाने टपाल अडवण्याचा अधिकार इंग्रज सरकारने घेतला, आणि स्वतंत्र भारताने तो ठेवून दिला. १९८६ मध्ये हा अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्याला संमती दिली नाही. २०१५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारच्या कूटलेखन-धोरणाचा मसुदा आला. नागरिकांनी कूटबद्ध मजकुराची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी अशी त्यात अपेक्षा होती. टीका होताच काही दिवसांत तो मागे घेण्यात आला. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. आणि १८९८ च्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा पोस्ट ऑफिस कायदा आला तेव्हा टपाल अडवण्याचा अधिकार त्यातही राहिलाच. मर्यादेच्या भरवशावर राहायचे तर ती मर्यादा कोणी कधी मागेपुढे सरकवील याचा नेम नसतो, हे झिमरमन यांचे म्हणणे यावरून खोटे म्हणता येत नाही.

६

निबंधाचे फलित काय? वाचकाने सवय बदलावी ही त्याची मागणी. ती किती पुरी झाली?

१९९९ साली आल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. १२ माणसांना ९० मिनिटे दिली आणि पीजीपी वापरून ई-मेल कूटबद्ध करून पाठवायला सांगितले. केवळ एकतृतीयांश लोकांना ते नीट जमले. एकचतुर्थांश लोकांनी तर चुकून गुप्त मजकूर उघडाच पाठवून दिला. २०१२ च्या डिसेंबरात स्नोडेन यांनी ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला पहिले पत्र लिहिले, तेव्हा आधी पीजीपी बसवून घ्या अशी विनंती केली. ग्रीनवाल्ड यांनी ती खटपट लांबणीवर टाकली. शेवटी स्नोडेन यांना लॉरा पॉइट्रास या चित्रपटकर्तीकडे वळावे लागले. ज्याचा व्यवसायच सत्तेच्या गुपितांशी झुंजण्याचा, त्याच्यापर्यंतही हा लिफाफा सहजपणे पोचला नाही.

यावर एक उत्तर असे की, प्रोग्रॅमची रचना किचकट होती. ते खरे आहे. पण तेवढेच खरे नाही. २००४ साली बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि ब्रूअर यांनी एक वेगळाच आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, खासगी गप्पांसाठी पीजीपीचा साचाच चुकीचा आहे. एकच किल्ली वर्षानुवर्षे वापरली, की ती एकदा चोरीला गेल्यावर मागची सगळी पत्रे उघडतात. आणि प्रत्येक पत्राखाली गणिती सही केली, तर खासगीत बोललेला शब्द उद्या दस्तऐवज म्हणून तोंडावर फेकला जाऊ शकतो. दोन मित्र ओट्यावर बसून बोलतात तेव्हा शब्द हवेत विरून जातात, त्यांची कोणी नोटरीकडे नोंद करीत नाही. हा आक्षेप मला वाङ्मयीन दृष्टीनेही मार्मिक वाटतो. झिमरमन यांनी संभाषणाला पत्र मानले, आणि मग पत्राला खलिता.

पुढे जे घडले ते या आक्षेपाच्या दिशेनेच घडले. २०१६ च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सअॅपने आपले सर्व संदेश दोन टोकांमध्ये कूटबद्ध केले. कोट्यवधी लोकांच्या पत्रांना एका दिवसात पाकिटे चढली आणि बहुतेकांना त्याची दखलही घ्यावी लागली नाही. ई-मेल मात्र बहुतांशी मागे राहिला. वाटेवर त्याची थैली आता सहसा बंद असते, पण टपालकचेरीत ती सोडली जाते, आणि ती कचेरी चालवणाऱ्या कंपनीला आतला मजकूर वाचता येतो. सर्वांनी वापरावे म्हणजे कोणी एकटा पडणार नाही, हे झिमरमन यांचे स्वप्न ई-मेलबाहेर खरे झाले. ते वाचकाचे मन वळवून झाले नाही, तर वाचकाला न विचारता झाले.

या यशात एक तोटाही आहे, आणि तो मोठा आहे. पीजीपीची संहिता कोणालाही वाचता येत होती. ती पुस्तकात छापली होती. किल्ली नागरिकाने स्वतः बनवायची आणि स्वतः सांभाळायची होती. आज कुलूप एका कंपनीचे, दारही तिचेच, आणि उद्या ते कसे असावे हा निर्णयही तिचाच. आपण पत्र झाकतो ते तिच्या भरवशावर. म्हणजे फिरून मर्यादेवरच आलो, फक्त मर्यादा पाळणारा बदलला. नागरिकाच्या हाती जे स्वातंत्र्य झिमरमन देऊ पाहत होते ते त्याला जड वाटले आणि त्याने ते खाली ठेवले. या घटनेकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे.

७

शेवटचा मुद्दा काळाचा. कूटलिपी आपल्या वाङ्मयाला परकी नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामागच्या कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद असतील, परिणामाविषयी नाही. 'लीळाचरित्रा'सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा शतकानुशतके मठांत सुरक्षित राहिला, आणि तितकाच काळ बाहेरच्या मराठी वाचकाला पारखा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे प्रभृतींच्या परिश्रमांनी ती लिपी उलगडली तेव्हा मराठीच्या इतिहासाचे एक दालन उघडले. सकळ लिपी ही अक्षरांची अदलाबदल होती, म्हणून ती बुद्धीने उकलता आली. पीजीपीने बंद केलेल्या पत्राची किल्ली हरवली तर आज तरी कोणा राजवाड्याला ते उकलण्याची आशा नाही. ज्यांची पत्रे आपण उद्या वाचू इच्छू ते लेखक जर अशा पेट्या वापरू लागले, तर पुढच्या पिढीला त्यांच्या हातच्या ओळी मिळणारच नाहीत.

तरीसुद्धा या मुद्द्यावर मी झिमरमन यांच्याच बाजूचा आहे. पत्र हे प्रथम ज्याला लिहिले त्याचे असते; वाङ्मयाचा हक्क त्यानंतरचा. पत्र पुढे प्रसिद्ध व्हावे की नाही, हे किल्ली जवळ असलेल्या माणसाने ठरवावे. आणि त्याने ठरवले तर किल्ली मागे ठेवून जाता येते, जशी मठाच्या परंपरेत गुरूकडून शिष्याकडे जात होती. ज्या माणसाला आपले पत्र तिसरा वाचणार नाही याची खात्री नसते, तो जन्मभर पोस्टकार्डच लिहितो, मग कागद कोणताही असो. क्षेम, पाऊस आणि 'समक्ष भेटीत बोलू'. अशा समाजात जपून ठेवण्यासारखी पत्रेच लिहिली जात नाहीत, आणि मग पुढच्या पिढीने वाचायचे तरी काय?

'पीजीपी' या अक्षरांचा अर्थ 'बऱ्यापैकी खासगीपणा' असा आहे. गॅरिसन किलर यांच्या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमातल्या एका काल्पनिक किराणा दुकानावरून हे नाव सुचले. संपूर्ण सुरक्षिततेची ग्वाही देणाऱ्या जाहिरातींच्या काळात लेखकाने आपल्या कृतीला असे नम्र नाव द्यावे, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते. निबंधाला हे माप लावले तर तोही बऱ्यापैकीच उतरतो. त्याची पहिली उपमा वाचकाला दारापर्यंत आणते आणि दाराची उंची चुकीची सांगते. दुसरी उपमा खरी आहे, पण तिचे निष्कर्ष लेखकाने स्वतःच पुरते काढलेले नाहीत. मात्र ज्या प्रश्नाला तो भिडतो तो प्रश्न त्याच्याइतक्या साध्या शब्दांत दुसऱ्या कोणी विचारलेला माझ्या वाचनात नाही. हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो पुन्हा मांडणाऱ्याने लिफाफा बाजूला ठेवून जाळ्यापासून सुरुवात करावी, एवढेच सुचवावेसे वाटते.